वसईतील नाताळची प्रेमकथा कशी लिहावी

शहरातून आलेली व्यक्ती, लहानसे गाव, बर्फ, शेकोटी आणि २५ डिसेंबरच्या आत जुळलेले प्रेम हा साचा अमेरिकी दूरचित्रवाणीने इतका वापरला आहे की, मराठीत अशी कथा लिहू पाहणाऱ्याने प्रथम बर्फ आणि शेकोटी बाजूला ठेवावी. अशा कथेला गाव हवेच असेल तर ते आपल्याकडे आहे. गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल या वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यातील गावांत नाताळ हा बाहेरून आलेला देखावा नसून घरचा सण आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राज्यकर्ते गेले, पण केळीच्या बागा आणि फुलांचे मळे राखणाऱ्या इथल्या अनेक घरांत ख्रिस्ती धर्म टिकला, आणि तोही मराठीत.

कथेचा कालावधी आधी ठरवावा, कारण तो चर्चच्या पंचांगातच आयता मिळतो. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. म्हणजे नाताळपर्यंत कमीत कमी २२ आणि जास्तीत जास्त २८ दिवस हाती राहतात. चार रविवारी चार मेणबत्त्या पेटतात, त्यांपैकी तिसऱ्या रविवारची गुलाबी असते आणि बाकीच्या जांभळ्या. कथेचे चार टप्पे करायला एवढा आधार पुरेसा आहे. गुलाबी मेणबत्तीच्या रविवारी दोघांत काहीतरी उजळावे, असा सोपा संकेत मात्र वापरू नये. मी स्वतः त्या रविवारी भांडण घडवून आणेन.

बाहेरचा माणूस कोण असावा, यावर अर्धी कथा अवलंबून असते. बिल्डरचा प्रतिनिधी नको, कारण हरित वसईसाठी झालेल्या आंदोलनांमुळे वाचक त्याला पहिल्याच पानावर ओळखतो. त्याऐवजी साताऱ्याहून बदली होऊन आलेला बँकेतील अधिकारी घ्यावा. तो मराठीच आहे आणि आपल्याला इथे परके वाटणार नाही, अशा समजुतीत तो खोली भाड्याने घेतो. पण घरमालकीण आजी आणि तिची नात आपसांत कादोडी, ही इथल्या सामवेदी समाजाची बोली, बोलू लागल्या की त्याला वाक्यामागून वाक्य निसटत जाते. आपल्याच भाषेच्या शेजारी उभे राहून काही न कळण्याचा हा अनुभव परकेपणाच्या कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक काम करतो. कादोडी संवाद मात्र अंदाजाने रचू नयेत. दोन-तीनच वाक्ये ठेवावीत आणि ती सामवेदी ख्रिस्ती घरातील माणसाकडून तपासून घ्यावीत.

प्रेम हे कामातून यावे. या प्रकारच्या बहुतेक कथा फसतात त्या इथेच, कारण त्यांतील पाहुणा सजावट पाहत फिरतो आणि गाव त्याच्याकडे कौतुकाने हसत राहते. नाताळच्या आधीच्या घरात बघ्याला जागा नसते. कंदिलाच्या चांदणीसाठी बांबूच्या कामट्या तासायच्या असतात, करंज्या लाटायच्या असतात, अंगणात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा उभारायचा असतो. गोठ्याभोवतीची हिरवळ विकत आणण्याऐवजी गहू किंवा नाचणी पसरट भांड्यात उगवायला टाकतात. ते अंकुर बोटभर वाढायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे ते पेरण्याची जबाबदारी नायकावर टाकावी. तो पाणी जास्त घालतो, दाणे कुजतात, आणि आता पुन्हा पेरले तर नाताळपर्यंत उगवतील की नाही, हा खरा ताण निर्माण होतो. एवढ्या लहान चुकीतून नायिकेला त्याच्यावर रागावण्याचा आणि नंतर त्याच्याशेजारी बसून दाणे निवडण्याचा अधिकार मिळतो. तिला तिचे स्वतःचे कामही द्यावे. पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात फुले नेणारी नायिका डिसेंबरात दमलेली असते, आणि दमलेल्या माणसाचे प्रेम लिहिताना वाक्ये आपोआप आखूड होतात.

अडथळा हा गैरसमजातून नव्हे, तर परिस्थितीतून यावा. समजा, घरामागच्या वाडीत बावखल आहे. पावसाचे पाणी साठवून बागायतीला पुरवणारी ही जुनी तळी अनेक ठिकाणी बुजवली गेली आहेत. नायिकेच्या भावाला ते बावखल बुजवून खोल्या बांधायच्या आहेत, त्यासाठी कर्ज हवे आहे, आणि अर्ज नायकाच्या टेबलावर येतो. अर्ज फेटाळला तर तो पक्षपात ठरतो, मंजूर केला तर तिचे पाणी जाते, आणि फाईल सहकाऱ्याकडे सोपवायची झाल्यास घरमालकिणीच्या नातीशी आपले काय नाते आहे, हे त्याला कार्यालयात मोठ्याने सांगावे लागते, जे त्याने अजून तिलाही सांगितलेले नसते. प्रेमाची कबुली साहेबासमोर आधी आणि तिच्यासमोर नंतर, हा क्रम मला बागेतल्या कोणत्याही भेटीपेक्षा गोड वाटतो.

मराठी लेखकाच्या हाती एक साधन असे आहे की जे इंग्रजी कथेला मिळत नाही, आणि ते म्हणजे ‘तुम्ही’कडून ‘तू’कडे जाणे. हा बदल संपूर्ण कथेत एकदाच घडवावा, त्यावर कोणाही पात्राला भाष्य करू देऊ नये, आणि तो शक्यतो तिच्या तोंडून, एखाद्या अगदी व्यावहारिक वाक्यात घडावा: ‘ती कामटी तू धर, मी दोरा बांधते.’

मध्यरात्रीच्या मिस्सेचा, म्हणजे नाताळच्या रात्रीच्या चर्चमधील उपासनेचा, प्रसंग लिहिण्यापूर्वी त्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) वेळ विचारून घ्यावी. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर लावण्यावर निर्बंध असल्याने नावाने मध्यरात्रीची असलेली मिस्सा अनेक ठिकाणी आधीच सुरू होते. थंडीही बेताचीच लिहावी. पटांगणात खुर्चीवर बसलेल्या आजीला शाल पुरते.

शेवटी लग्न लावण्याची घाई करू नये, कारण दिवसांचा हिशेब जुळत नाही. विशेष विवाह कायद्याखाली नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते, तर आगमनकाळ २८ दिवसांपलीकडे जात नाही. चर्चमध्ये विवाह करायचा आणि नायकाचा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर धर्माधिकाऱ्यांची खास सूट घ्यावी लागते. त्यामुळे नाताळच्या रात्री एवढेच व्हावे की, मिस्सेहून परतल्यावर आजी करंज्यांचे ताट पुढे करते, साताऱ्याला घरी काय सांगणार आहेस, असे त्याला विचारते, आणि तो प्रश्न कादोडीत असूनही त्याला तो पहिल्यांदाच पुरता समजतो.