नर टॅरँटुला वयात आला हे कसं ओळखायचं

खंडू आणि बाळू हे सख्खे भाऊ. एकाच कोषातली पिल्लं, 2019च्या एप्रिलमध्ये एकाच दिवशी घरी आणलेली, करंगळीच्या नखाएवढी. जात ट्लिल्टोकाटल अल्बोपिलोसस, म्हणजे होंडुरास-निकाराग्वा-कोस्टा रिकाकडचा कुरळ्या केसांचा टॅरँटुला, एक मोठा कोळी. खंडू 21 महिन्यांत वयात आला, बाळूला 34 महिने लागले. पाय पसरल्यावर खंडू भरायचा साडेदहा सेंटिमीटर आणि बाळू साडेबारा.

म्हणूनच ‘नर केवढा झाला की वयात आला समजायचं?’ असं कुणी विचारलं की मी आकडा सांगत नाही. आकारावरून ते कळतच नाही. मी कोलोरॅडोत प्वेब्लोला राहते. सप्टेंबरात सूर्य कलला की ला हुंटाजवळच्या कोमांची गवताळ रानात अ‍ॅफोनोपेल्मा हेन्टझी जातीचे नर माद्यांच्या शोधात रस्ता ओलांडताना दिसतात. तिथेही लहानमोठे सगळे असतात, आणि सगळे वयात आलेले.

कोळी वाढतो तो फक्त कात टाकताना. वयात आणणारी कात नराची सहसा शेवटची, तिथे त्याची वाढ थांबते. म्हणजे ती कात एक पायरी आधी आली तर नर तेवढा लहानच राहणार. खंडूचा डबा मी हीटरजवळच्या फळीवर ठेवला होता, 27 अंशांत, आणि दर तिसऱ्या दिवशी रातकिडा. बाळू तळघरात, 22 अंशांत, दहा दिवसांतून एकदा खायचा. माझ्याकडे आल्यापासूनच्या नवव्या कातीला खंडू वयात आला, बाळू दहाव्या. खंडूला मी प्रेमानेच भरवत होते, पण त्यात त्याचं बालपण आखडलं असं मला मनापासून वाटतं. तेव्हापासून मी कुठल्याच नराला घाई करत नाही. पोट पाठीवरच्या पुढच्या कवचाच्या दीडपट रुंद झालं की खाणं थांबवते.

मोजायचं असेल तर जिवंत कोळ्यामागे पट्टी घेऊन लागू नका. कात मोजा. पायांचा घेर फसवा असतो, पाय ओढले की लांबतात, वाळले की आखडतात. पाठीवरचं पुढचं कवच मात्र कडक, ते कातीबरोबर झाकणासारखं सुटून येतं. साध्या व्हर्नियर कॅलिपरने त्याची लांबी घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. खंडूच्या शेवटच्या अंगावरचं कवच 17 मिलिमीटर होतं, बाळूचं 21.

कात हाताळताना हातमोजे घाला. या अमेरिकी जातींच्या पोटावरचे केस खाजकुयलीसारखे असतात आणि ते टाकलेल्या कातीवरही राहतात. एकदा मी तसाच हात डोळ्याला लावला, दोन दिवस डोळा लाल होता.

नर की मादी हेही कातीवरूनच कळतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून कात अर्धा तास भिजवा. पोटाचा भाग चुरगळलेल्या ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखा असतो, तो मऊ ब्रशने हळूहळू उलगडा आणि आतली बाजू वर करा. श्वसनाचे चार पांढरट चट्टे दिसतील. पुढच्या दोन चट्ट्यांच्या मधोमध उभा राहणारा पापुद्रा, म्हणजे शुक्रकोष, असला तर मादी. नराला तिथे तसा पापुद्रा नसतो. काही जातींच्या नरांना बारीक उंचवटे असतात आणि तिथे फसायला होतं, म्हणून एका कातीवर निकाल देऊ नका, पुढचीही बघा.

आता वयात येण्याची खूण. तोंडाजवळ पायांसारखे दिसणारे दोन आखूड अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. एरवी त्यांची टोकं पायांसारखीच सरळ असतात. वयात आणणाऱ्या कातीनंतर ती मुठी आवळल्यासारखी फुगतात. डब्याच्या काचेवर चढलेला असताना खालून बॅटरी मारा: मुठीच्या आत लालसर-काळी गाठ दुमडलेली दिसते, गुंजेहून लहान पण तशीच चकचकीत, आणि तिला काट्यासारखं बाकदार टोक. हीच खरी खूण.

पुष्कळजण फक्त पुढच्या पायांवरचे आकडे, म्हणजे हुकासारखे काटे, शोधतात. मीलनाच्या वेळी नर त्या आकड्यांनी मादीचे सुळे अडवून धरतो. कुरळ्यांना ते असतात, पण सगळ्या जातींना नसतात. आपल्या सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोसिलोथेरिया रीगॅलिसच्या नराला आकडे नसतातच. (तो रानातून उचलून आणू नका. 2019पासून पोसिलोथेरिया ही सगळी प्रजाती सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या, यादीत आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022च्या दुरुस्तीनंतर यादीतल्या परदेशी जातीही भारतात नोंदणीशिवाय पाळता येत नाहीत.)

कात टाकल्यावर सुळे पांढरे असतात. ते काळे होईपर्यंत खायला देऊ नका, रातकिडा डब्यात राहिला तर तोच मऊ कोळ्याला कुरतडतो. काही आठवड्यांनी नर जाळ्याची छोटी चादर विणतो, तिच्यावर शुक्राचा थेंब सोडतो आणि तो पाल्पमध्ये भरून घेतो. त्यानंतर तो मीलनाला तयार. हे बहुधा रात्री होतं, सकाळी कोपऱ्यात फाटकं जाळं तेवढं सापडतं.

इथून पुढे डबा बदला. नर आता रात्रभर भिंतींवर चढतो, आणि उंचावरून पडला तर पोट फुटून मरतो. माती इतकी भरा की झाकणापर्यंतची उंची त्याच्या पायांच्या घेराच्या दीडपटीहून जास्त राहणार नाही. झाकण जाळीचं नको. खंडूची नखं जाळीत अडकली होती आणि एक पाय तिथेच तुटून राहिला. मादीचा पाय पुढच्या कातीत परत येतो, नराला ती कात नशिबात नसते. क्वचित एखादा नर पुन्हा कात टाकायला लागतो, पण पाल्पच्या गाठी जुन्या कातीत अडकतात आणि बहुतेक तो त्यातच जातो.

तो खाणं कमी करेल, पोट लहान होईल, पाय लांबच लांब दिसतील. ते आजारपण नाही. पाण्याची वाटी मात्र एक दिवसही कोरडी ठेवू नका. बाळू वयात आल्यावर अकरा महिने जगला. शेवटच्या आठवड्यात पाय पोटाखाली वळायला लागले, तेव्हा मी रोज संध्याकाळी त्याला वाटीच्या काठावर तोंड टेकवून ठेवायचे, आणि दहा-पंधरा मिनिटं तो पाणी प्यायचा.