दुनळी घेताना आधी सांधे तपासा, चकाकी नंतर

गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) किंवा काजूच्या बागायतीच्या राखणीसाठी बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक, घ्यायची असेल, तर एक गोष्ट धरूनच निवड करा: ही बंदूक जून ते सप्टेंबर पावसात आणि उरलेलं वर्ष दमट हवेत राहणार आहे. दुकानात आधी डोळ्यांत भरतात ते टॉर्च लावायचे रेल, पिस्तुलासारखी मूठ, जंगली रंगाचे पट्टे. बंदूक म्हातारी होते ती मात्र सांध्यात, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) आणि फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सुईच्या, टोकाशी. पैसे तिथे घाला.

कामही नीट ओळखून घ्या. राखणीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ परवानाधारकालाही लागू आहे, आणि गवा तर गोव्याचा राज्यप्राणी. बंदुकीचा खरा उपयोग आवाज करून कळप हुसकावण्याचा. म्हणून छर्ऱ्याच्या बंदुकीवर दुर्बीण, लेसर, नळीच्या तोंडाला भोकांची नळकांडी यांवर खर्च करू नये. पिस्तुलासारखी नुसती मूठ असलेली बारा बोअर तर घेऊच नका. दस्ता खांद्याला टेकला नाही की धक्का सगळा मनगटावर येतो आणि नेमही राहत नाही.

तपासणी दुकानातच करा. नळीचं तोंड मोकळ्या बाजूला ठेवून बंदूक उघडा, दोन्ही चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही खात्री करा. मग नळीखालचं लाकूड काढा, बंदूक बंद करा आणि दस्ता काखेत दाबून नळ्या आडव्या हलवून बघा. हे लाकूड जागेवर असताना त्याची स्प्रिंग सांध्यातली ढील झाकून टाकते, म्हणून ते काढल्याशिवाय ही चाचणी निरुपयोगी. जराही खुटखुट जाणवली, तर बिजागरीची पिन किंवा नळ्या अडकवून धरणारं कुलूप झिजलेलं आहे. वरची कळ कुठे थांबते तेही बघा. उजवीकडे वळून उघडणाऱ्या कळीला बंदूक बंद केल्यावर मधल्या रेषेच्या थोडं उजवीकडे थांबायला हवं. ती मधली रेष ओलांडून डावीकडे गेली असेल, तर कुलपाची झीज पुष्कळ झाली आहे.

आता नळ्या वेगळ्या करून एका बोटावर टांगा आणि लाकडाच्या तुकड्याने हलकेच ठोका. घंटेसारखा स्वच्छ नाद आला पाहिजे. भद्द आवाज आला तर नळ्यांमधल्या पट्टीचं डाख सुटलं आहे, आणि त्या फटीत गोव्याचं पाणी शिरलं की गंज आतून चढतो, बाहेरून दिसतही नाही. नळी उजेडाकडे धरून सावकाश फिरवा. आतल्या चकाकीत सावलीचं कडं दिसलं तर नळी तिथे फुगलेली आहे, चंद्रकोरीसारखी सावली दिसली तर पोचा आहे. पोचा चांगला कारागीर काढू शकतो. फुगलेली नळी घेऊ नका.

चेंबरची लांबी नळीच्या बुडाशी कोरलेली असते: ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटर. इथे लोक हमखास फसतात. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाची असते. न उडालेल्याचं तोंड दुमडलेलं असल्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सुखाने बसतं. उडवताना मात्र तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याइतका वाढतो. पोर्तुगीज अमलातली जुनी बंदूक घरात असेल, तर नळीवर तपकिरी लाटांची नक्षी आहे का तेही बघा. ती पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी. तिच्यात आजचं धूरविरहित दारूचं काडतूस कधीही घालू नका.

दस्त्यात मनगटाच्या जागी, लोखंड लाकडाला मिळतं तिथे, केसाएवढी भेग आहे का ते नखाने चाचपा. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील, तर बंदूक अडाण्याच्या हाती पडून गेली आहे. चाप डमी काडतूस घालूनच ओढून बघा. साधारण पावणेदोन ते दोन किलोचं वजन योग्य. त्याहून फार हलका चाप म्हणजे आतली खाच घासली गेलेली असू शकते. सेफ्टीवरही फार विसंबू नका. बहुतेक दुनळ्यांत ती फक्त चाप अडवते, फायरिंग पिनवर आपटणारा आतला घोडा नाही, त्यामुळे बंदूक आपटली तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. कुळागरात पाट ओलांडताना, उतार चढताना बंदूक उघडी आणि रिकामीच हवी.

नवं म्हणून सगळंच दिखाऊ, असं मात्र नाही. पॉलिमरचा दस्ता पावसात फुगत नाही, इथल्या हवेत तो लाकडापेक्षा सरस. चेंबरला आणि नळीला आतून क्रोम असेल, तर त्याचे जास्तीचे पैसे आनंदाने द्या. व्हिएतनाममध्ये १९६० च्या दशकात अमेरिकेची एम-१६ बंदूक ऐन लढाईत अडकू लागली. दारू बदलली होती, साफसफाईचं सामान पुरेसं दिलेलं नव्हतं, आणि चेंबरला क्रोम नव्हता. दमट हवेत चेंबरला खड्डे पडले आणि उडालेली काडतुसं आतच रुतून बसू लागली. पुढे चेंबरला क्रोम दिला गेला. आपली हवाही तशीच आहे.

बदलता येणारे चोक (छर्रे किती पसरतील ते ठरवणारे नळीच्या तोंडातले आटेदार तुकडे) उपयोगी आहेत, पण महिन्याला काढून आट्यांना ग्रीस लावलं नाही तर ते गंजून जाम होतात. चोक काढून ठेवून बार कधीच टाकू नका, आटे खराब होतात. राखणीसाठी सिलिंडर (अजिबात न आवळणारा) किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर (अगदी थोडा आवळणारा) चोक पुरे. रबरासारखा मऊ लेप दिलेली मूठ मात्र टाळा, उष्ण दमट हवेत तो लेप काही वर्षांत चिकट होतो. स्टेनलेसलाही गंज चढतो, फक्त सावकाश.

ज्या नव्या सोयीमुळे बंदूक एकाच प्रकारच्या काडतुसावर किंवा बॅटरीवर अवलंबून राहते, तिच्यापासून लांब राहा. रेमिंग्टनने २००० साली एट्रॉनएक्स ही विजेवर बार उडवणारी रायफल आणली. दस्त्यात नऊ व्होल्टची बॅटरी, आणि वेगळीच प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) असलेली काडतुसं. नेमबाजीला ती उत्तम होती, पण काही वर्षांतच उत्पादन थांबलं आणि घेणाऱ्यांना काडतुसं शोधत बसावं लागलं. त्याच कंपनीची ८७० ही पंप बंदूक (पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची) १९५० पासून चालू आहे, एक कोटीहून जास्त विकली गेली. तिच्यात बोल्ट (काडतुसाचं बूड मागून बंद करणारा तुकडा) थेट नळीच्या पोलादी शेपटीत अडकतो आणि पंप दोन सळयांवर सरकतो, म्हणून तो तिरका होऊन अडकत नाही. जाहिरातीत ठळकपणे दाखवावं असं यात काहीच नाही.

पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या गवसणीत ठेवू नका. गवसणी ओल धरते आणि चामड्यातले क्षार गंज चढवतात. कुलूपबंद लोखंडी कपाटात नळीचं तोंड खाली करून ठेवा. तोंड वर असलं तर तेल ओघळून दस्त्याच्या डोक्यात मुरतं, लाकूड तिथे मऊ पडतं आणि पुढे भेगाळतं. कपाटात अर्धा किलो सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवा आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवा. तेल बंदुकीचंच वापरा. खोबरेल सुकून चिकट होतं आणि फायरिंग पिन मंदावते. घामाच्या हाताचा ठसा लोखंडावर राहिला तर रात्रीत तांबूस डाग दिसतो, म्हणून ठेवण्यापूर्वी तेलाच्या फडक्याने पुसणं चुकवू नका.

निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करावी लागली, तर ती आठवडेच्या आठवडे कुणाच्या देखरेखीशिवाय पडून राहते. जमा करायच्या आदल्या दिवशी नळ्या आतून साफ करून ग्रीसचा पातळ हात द्या, आणि पावतीवरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी तिथेच ताडून घ्या. परत आणल्यावर सुक्या फडक्याने दोन्ही नळ्यांतलं ग्रीस पूर्ण काढा आणि आरपार उजेड दिसतो का बघा. ग्रीसचा गोळा नळीत राहिला तर पहिल्याच बाराला ती फुगते.