हेलिकॉप्टर आधी एका जागी थांबवायला शिका

रिमोटचं हेलिकॉप्टर शिकायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: उलटं कधी उडवायचं? मी म्हणते, आधी ते डोळ्यांच्या उंचीवर, एका जागी, टायमर वाजेपर्यंत उभं ठेवून दाखवा. याला होव्हर म्हणतात. पुढचं सगळं यावरच उभं राहतं आणि शिकणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळही इथेच जातो.

अवघड काय आहे ते आधी समजून घ्या. मी मोड २, म्हणजे रिमोटवरच्या दोन दांड्यांच्या (स्टिकच्या) कामांची एक मांडणी, धरून सांगते: डाव्या स्टिकवर थ्रॉटल (वर-खाली जाणं) आणि शेपूट (नाक वळवणं), उजव्यावर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकणं. उजवी स्टिक हेलीचा वेग ठरवत नाही, कल बदलते. स्टिक जरा उजवीकडे दिली आणि मधे आणली, तरी हेली झुकलेलीच राहते आणि उजवीकडे घसरत जाते, दर क्षणी आणखी वेगाने. म्हणून स्टिक तीनदा हलवावी लागते. झुकवायला एकदा, घसरण थांबवायला उलट बाजूला, आणि हेली थांबते न थांबते तोच ती सपाट करायला पुन्हा पहिल्या बाजूला. नवखा माणूस पहिली हालचाल करतो, दुसरी उशिरा आणि जास्त करतो, तिसरी विसरतो. मग हेली लंबकासारखी झुलू लागते. उपाय एकच: हेली किती सरकली ते बघत बसू नका, फिरत्या पंख्याची जी चकती दिसते तिचा कल बघा. कल आधी बदलतो, सरकणं नंतर दिसतं.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चक्रावते. वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पंख्याची हेली एका जागी असताना किंचित उजवीकडे झुकलेली दिसते. मागचा छोटा पंखा अंगाचं गरगरणं रोखताना हेलीला डावीकडेही ढकलतो. त्याची भरपाई म्हणून हा कल. तो बिघाड नाही. ट्रिमची, म्हणजे स्टिकचा मध्य किंचित सरकवणारी, बटणं दाबत बसू नका.

हे सगळं बोटांत उतरायला सिम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर हेली उडवायचा सराव, हवा. तुमचाच ट्रान्समीटर (हातातला रिमोट) संगणकाला जोडा. कीबोर्डवर केलेला सराव इथे कामाचा नाही. आणि सिम्युलेटरमधला वारा बंद ठेवू नका. माझा भाचा पडद्यावर पहिल्याच आठवड्यात कोलांट्या मारत होता. मैदानात आल्यावर त्याच बोटांना कंप सुटला, कारण तिथे रीसेटचं बटण नसतं. तरीही त्याची हेली शाबूत परतली, ती सिम्युलेटरमुळेच.

कोणती घ्यायची? एकाच दांड्यावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे असतात, ती कोअ‍ॅक्सिअल खोलीत मजेत तरंगते, पण मुळातच इतकी स्थिर असते की बोटांना काम राहत नाही. फिक्स्ड पिचमध्ये वर-खाली जायला पंख्याचा वेगच बदलावा लागतो, म्हणून ती सुस्त असते. शिकायचंच असेल तर छोटी कलेक्टिव्ह पिच घ्या, म्हणजे पंख्याचा वेग जवळपास कायम आणि पात्यांचा कोन बदलणारा. तिच्यात आपोआप सपाट होण्याची सोय असेल तर सुरुवातीला वापरा, पण लवकर बंद करा. नाहीतर ती दुसरी आणि तिसरी हालचाल बोटं कधीच शिकणार नाहीत.

मोठ्या आकाराची घाई नको. ४५० साइजच्या हेलीचा पंखा साधारण ७० सेंटिमीटर व्यासाचा असतो. मिनिटाला २,८०० फेऱ्या धरल्या तर पात्याचं टोक ताशी सुमारे ३७० किलोमीटर वेगाने फिरतं. अशा पात्यांनी माणसं दगावली आहेत. थ्रॉटल होल्डचा, म्हणजे मोटर बंद ठेवणारा, स्विच लावल्याशिवाय तिच्याजवळ जायचं नाही, उचलायचं नाही, आणि उडवताना माणसं, कुत्री, मुलं कोणीच जवळपास नको.

उडवण्यापूर्वी आधी ट्रान्समीटर चालू करा, मग हेलीची बॅटरी जोडा. बंद करताना उलट क्रम. जायरो (हेलीचा कल ओळखून तिला सावरणारा सेन्सर) तयार होईपर्यंत हेलीला हात लावू नका. मग होल्ड लावूनच उजवी स्टिक पुढे द्या: स्वॉशप्लेट (पंख्याखालची, पात्यांचा कोन बदलणारी तबकडी) पुढे झुकली पाहिजे. आता स्टिक मधे ठेवून हेलीचं नाक हाताने खाली करा: स्वॉशप्लेट मागे झुकली पाहिजे. ती पुढे गेली तर जायरो उलटा लागला आहे आणि हेली उचलताक्षणी उलटेल.

हेलीच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीबद्दल थोडक्यात: प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, ठेवून देताना ३.८. क्षमतेच्या ८० टक्क्यांपुढे वापरू नका, टायमर सुरुवातीला चार मिनिटांवर लावा. चार्ज करताना उठून जाऊ नका आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका.

पहिल्यांदा खाली आडव्या दांड्या बांधा, टोकांना चेंडू लावा. शेपूट तुमच्याकडे ठेवून पाच-सहा मीटर मागे उभे राहा. जमिनीलगत पंख्याचाच वारा परतून हेलीला हलवतो, म्हणून तिथे घुटमळू नका. ठामपणे डोळ्यांच्या उंचीपर्यंत न्या. उतरतानाही तसंच.

शेपटीकडून होव्हर कंटाळवाणा वाटेपर्यंत करा. मग नाक एका वेळी थोडंसंच वळवा. आधी तिरपं, मग पूर्ण आडवं, डावी-उजवी दोन्ही बाजू. एक बाजू सगळ्यांचीच कच्ची असते आणि सगळेच ती टाळतात. शेवटी नाक स्वतःकडे. इथे डावं-उजवं उलटं होतं. तेव्हा एकच धरा: जी बाजू खाली गेली, त्या बाजूला स्टिक द्या, जणू तिला खालून टेकू लावताय. हे जमलं की आठाचा आकडा हळूहळू काढता येतो. तो जमेपर्यंत उलटं उडवण्याचा विषय माझ्यापुढे काढायचा नाही.

आणि हेली पडणार. पडतेय हे कळताच, जमिनीला लागण्याआधी होल्ड मारा. पाती थांबायला लागली की नुकसान कमी होतं. मग पंख्याच्या डोक्यातला फेदरिंग शाफ्ट (दोन्ही पाती जोडणारा आडवा दांडा) आणि मुख्य शाफ्ट (पंख्याचा उभा दांडा) काढून काचेवर लोळवा. जराही डुगडुगला तर बदला, ठोकून सरळ करत बसू नका.