दुपारी ऑफिसात डोकं जड होतंय? या चुका टाळा

दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये जांभया सुरू झाल्या की दोष जेवणाला दिला जातो, नाहीतर माणसाला. खोलीकडे कुणी बघत नाही. पुण्या-मुंबईच्या कितीतरी छोट्या ऑफिसांत खिडक्या कायमच्या बंद, काचेच्या केबिन आणि भिंतीवर स्प्लिट एसी. एसी चालू आहे म्हणजे हवा ताजी आहे, असं धरून चालणं ही सगळ्यांत मोठी चूक.

साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतो. दहा बाय बाराच्या बंद खोलीत आठ जण बसले, की अर्ध्या तासात तो २००० च्या वर जाऊ शकतो. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सिराक्यूज इथे २४ जणांना प्रयोगासाठी उभारलेल्या ऑफिसात काम करायला लावलं. कोणत्या दिवशी हवा कशी आहे, हे त्यांना सांगितलं नव्हतं. १४०० पीपीएमच्या दिवशी निर्णयक्षमतेच्या चाचणीतले गुण, हवा सर्वांत चांगली होती त्या दिवसांच्या मानाने निम्म्यावर आले. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत एवढी घसरण दिसली नाही, हे खरं. पण कोंदट खोलीत हा वायू एकटा नसतो. नव्या प्लायवूडमधून, रंगातून, गालिच्यातून सुटणारे वायूही तिथेच साठतात.

गुदमरल्यासारखं झालं की हात रिमोटकडे जातो आणि तापमान १८ वर येतं. त्याने अंग गारठतं, हवा तीच राहते. २४ वर ठेवा आणि दार उघडा.

एक्झॉस्ट फॅन बसवूनही काही ठिकाणी फरक पडत नाही. याचं कारण बहुतेकदा एकच: हवा बाहेर जायला वाट आहे, आत यायला नाही. मग पंखा नुसता घरघरतो, किंवा स्वच्छतागृहाकडची हवा आत ओढतो. समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. रस्त्याची धूळ येत असेल, तर फिल्टर असलेला फ्रेश एअर फॅन लावून घ्या.

रूम फ्रेशनर मारू नका. वासावर वास चढतो आणि हवेत आणखी रसायनं मिसळतात. पावसाळ्यात फॉल्स सीलिंगवर पिवळा डाग दिसला तर त्यावर रंग मारून झाकू नका. आधी गळती बंद करा, भिजलेला तुकडा बदला, नाहीतर वर बुरशी वाढत राहते आणि खाली लोक शिंकत राहतात.

खात्री कशी करायची? डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ ऑफिसातून बाहेर पडल्यावर कमी होते का आणि सुट्टीच्या दिवशी नसते का, ते पाहा. शिवाय एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणारा, कार्बन डायऑक्साइड मीटर काही हजारांत मिळतो. तो खिडकीत किंवा कुणाच्या तोंडासमोर नको, टेबलाच्या मधोमध ठेवा. मीटिंगच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा लिहून ठेवा. मेंटेनन्सवाल्यांकडे ‘कोंदट वाटतं’ म्हणून गेलात तर एसीची सर्व्हिसिंग करून देतात. वेळ, माणसं आणि आकडे हातात दिले, तर बाहेरच्या हवेची सोय करण्याचं बोलणं तरी सुरू होतं.