फानेसवर लिहिताय? या चुका टाळा

फानेस हा प्राचीन ग्रीकांचा आदिदेव. विश्वाच्या अंड्यातून प्रकटलेला, सोनेरी पंखांचा, एकाच देहात स्त्री आणि पुरुष असलेला. प्रोटोगोनोस, म्हणजे पहिला जन्मलेला, हे त्याचं दुसरं नाव. इथपर्यंत सगळं ठीक असतं. घोळ पुढच्या वाक्यापासून सुरू होतो, कारण फानेसची कथा कुठल्याही एका ग्रंथात अखंड उरलेली नाही. उरलेत ते तुकडे, आणि त्यांच्यात शेकडो वर्षांचं अंतर आहे. कुठला तुकडा कुठला हे न सांगता त्यांची गोधडी शिवली, की कुणाही ग्रीकाने कधी न ऐकलेली कथा तयार होते.

हेसिअडच्या वंशावळीत फानेसला बसवणं

ही सर्वांत सरसकट होणारी चूक. केऑस (आदिम पोकळी), मग गैया (पृथ्वी), टार्टरस (पाताळ), एरॉस (प्रेम) हा क्रम इसवी सनापूर्वी ७००च्या सुमाराच्या हेसिअड या ग्रीक कवीचा. त्याच्या काव्यात फानेस नाहीच. तरी वंशवृक्षाच्या तक्त्यांत केऑसच्या वर एक चौकोन काढून त्यात फानेस लिहून टाकतात.

फानेस येतो तो ऑर्फिक काव्यांत, म्हणजे ऑर्फिअस या पौराणिक गायकाच्या नावावर खपलेल्या रचनांत. तिथली परंपरा वेगळी आहे. विश्वाचे राजे एकामागून एक सहा: फानेस, रात्र (ही देवी), ऊरानोस (आकाश), क्रोनोस, झ्यूस आणि शेवटी डायोनिसस. तक्ता करायचाच असेल तर दोन स्वतंत्र तक्ते करा. ते जोडू नका.

हेसिअडमधला एरॉस, प्रेमदेवता ॲफ्रोडाइटीचा बाणवाला मुलगा एरॉस आणि फानेस यांनाही एकच समजू नका. ऑर्फिक कवी फानेसला एरॉस म्हणतात हे खरं, पण ते त्याच्या अनेक नावांपैकी एक. ॲरिस्टोफेनीसच्या 'पक्षी' या इसवी सनापूर्वी ४१४च्या नाटकात रात्र अंडं घालते आणि त्यातून सोनेरी पंखांचा एरॉस निघतो. अंड्याच्या कल्पनेचा हा फार मोलाचा जुना पुरावा आहे. पण ते विनोदी नाटक आहे, बोलणारे पक्षी आहेत आणि फानेस हे नाव तिथे येत नाही. उतारा द्या, पण हेही सांगा.

ख्रोनोस आणि क्रोनोस यांची सरमिसळ

मराठीत दोघांनाही 'क्रोनोस' लिहिलं जातं आणि मग सगळंच कोलमडतं. अंडं घडवणारा ख्रोनोस म्हणजे काळ. क्रोनोस हा टायटन, म्हणजे जुन्या पिढीतला देव, झ्यूसचा बाप. दोघे एक मानले तर फानेस झ्यूसचा भाऊ ठरतो. जुन्या ग्रीक विचारवंतांनीही रूपक म्हणून या दोघांची सांगड घातली होती, पण ऑर्फिक वंशावळीत त्यांच्यात कित्येक पिढ्या आहेत. शंका आली तर एवढं पाहा: पोटची मुलं गिळतो तो क्रोनोस, अंडं घडवतो तो ख्रोनोस.

'सर्वांत प्राचीन देव' असं ठोकून देणं

कथेत तो सर्वांत आधीचा आहे. पुराव्यात नाही. १९६२ साली ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीजवळ डेरवेनी इथे एका चितेच्या अवशेषांत जळका पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी, सापडला. जळून कोळसा झाला म्हणूनच तो त्या ओलसर मातीत टिकला. गुंडाळी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली, आणि तिच्यात एका ऑर्फिक काव्यावरचं भाष्य आहे. युनेस्कोने २०१५ साली तिची जागतिक स्मृतिवारशात नोंद केली. उरलेल्या मजकुरात 'प्रोटोगोनोस' हा शब्द आहे, 'फानेस' नाही. त्या काव्यात झ्यूस गिळतो (ती कथा पुढे येते), पण नेमकं काय गिळतो यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

पंख, तेज, रात्रीची गुहा हे आपल्या ओळखीचं चित्र मुख्यतः 'रॅप्सोडी' नावाच्या चोवीस भागांच्या काव्यातून आलं. ते काव्यही हरवलं. त्यातल्या ओळी कळतात त्या पाचव्या शतकातल्या प्रोक्लस आणि सहाव्या शतकातल्या डमास्किअस यांच्यासारख्या तत्त्वज्ञांनी दिलेल्या अवतरणांतून. म्हणजे डेरवेनीनंतर सुमारे आठशे वर्षांनी! म्हणून फानेसबद्दलच्या प्रत्येक विधानाजवळ शतक लिहा. दोन संकेतस्थळांवर दोन वेगळ्या कथा दिसल्या तर खरी कुठली हे विचारू नका, कुठला ग्रंथ हे विचारा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

झ्यूसने फानेसला मारलं, असं लिहिणं

हे वाचलं की वाईट वाटतं, कारण या कथेतला सर्वांत सुंदर भाग त्यात हरवतो. क्रोनोस मुलांना गिळतो ते सत्ता जाईल या भीतीपोटी. झ्यूस फानेसला गिळतो तो रात्रीच्या सल्ल्याने, आणि झ्यूसपुढे प्रश्न वेगळाच आहे: सगळं एक असावं आणि तरीही प्रत्येक गोष्ट वेगळी राहावी, हे जमायचं कसं? जग तर फानेसने आधीच घडवलेलं. सूर्य, चंद्र, देवांची घरं, माणसांची सुवर्णपिढीही त्याचीच. चंद्राला तर कवी दुसरी पृथ्वीच म्हणतो, पुष्कळ डोंगरांची, पुष्कळ शहरांची, पुष्कळ घरांची. झ्यूस फानेसला पोटात घेतो तेव्हा हे सारं, आकाश, समुद्र, देव-देवता, झालेलं आणि होणारं, त्याच्यात सामावतं. मग तो ते पुन्हा बाहेर आणतो. फानेस संपत नाही. सृष्टी दुसऱ्यांदा होते आणि झ्यूस एकाच वेळी शेवटचा आणि पहिला ठरतो.

हेसिअडमध्ये झ्यूस मेटिस या देवीला गिळतो, ती कथा वेगळी. फानेसचंही एक नाव मेटिस असल्याने दोन्हींची गल्लत होते.

मोडेनाचं शिल्प बिनधास्त वापरणं

इटलीतल्या मोडेनाच्या एस्तेन्से दालनातलं ते प्रसिद्ध संगमरवरी शिल्प: पंख असलेला तरुण, अंगाला सापाचा वेढा, पायांना खूर, भोवती राशिचक्र, कोपऱ्यांत वाऱ्यांचे चेहरे. ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, रोमन काळातलं आहे. त्यावरच्या लेखातल्या 'पाटेर' (पिता) या पदवीमुळे ते मिथ्र या रोमन काळात पूजल्या जाणाऱ्या देवाच्या उपासकांच्या वापरात असल्याचं मानलं जातं. रोममधल्या एका ग्रीक लेखात झ्यूस, हेलिओस (सूर्यदेव), मिथ्र आणि फानेस ही नावं एका ओळीत येतात, म्हणजे त्या काळी फानेस आणि मिथ्र यांची सरमिसळ खरोखर होती. चित्राखाली 'प्राचीन ग्रीक फानेस' एवढंच लिहू नका.

'हे तर आपलंच हिरण्यगर्भ'

साम्य आहे आणि ते मन वेधून घेतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हिरण्यगर्भ सूक्त आहे. छांदोग्य उपनिषदात अंड्याची दोन शकलं होतात, चांदीची पृथ्वी आणि सोन्याची द्यौ, म्हणजे आकाश. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक अथेनागोरस ऑर्फिक कथा सांगतो तीतही अंड्याचा वरचा भाग आकाश होतो आणि खालचा पृथ्वी. जरूर शेजारी ठेवून वाचा. पण एकाने दुसऱ्याकडून उचललं असं सांगणारा जुना मजकूर नाही, आणि विश्वाचं अंडं इजिप्तच्या कथांतही आहे.

त्याची पूजा कुणी करतच नव्हतं, असं समजणं

झ्यूस किंवा अथेनासारखी शहरोशहरी देवळं फानेसला नव्हती. पण ऑर्फिक स्तोत्रांच्या ८७ स्तोत्रांच्या संग्रहात सहावं स्तोत्र प्रोटोगोनोसचं आहे. हा संग्रह बहुधा इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, रचला गेला. ही स्तोत्रं विधीत म्हणण्यासाठी होती, आणि सहाव्याच्या मथळ्यातच सांगितलंय की सोबत धूप हिराबोळाचा घालावा.