रेघ नाही, हेही कॅमेऱ्याला कळायला हवं

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी कॅमेऱ्याच्या चित्रातून रस्त्यावरची लेन ओळखण्याचा प्रोजेक्ट केला. नेटवरचा तयार व्हिडिओ घेतला होता. परदेशातला हायवे, लख्ख ऊन, दोन्हीकडे ठळक रेघा. चार दिवसांत प्रोग्राम चालला, मार्कही छान पडले. तोच लॅपटॉप घेऊन पहिल्या मुलाखतीला गेले. समोरच्या बाईंनी व्हिडिओ शांतपणे पाहिला आणि विचारलं, "हा चुकतो कुठे, तेवढं दाखव." माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. ती नोकरी गेली. म्हणून गाडीच्या कॅमेऱ्याला लेन ओळखायला शिकवण्याच्या या कामात येऊ पाहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं, की आपल्या गावचा रस्ता आपणच शूट करा.

मी दुसऱ्याच आठवड्यात मामाच्या गाडीच्या पुढच्या काचेला मोबाईल लावला आणि आम्ही निघालो. आधी इंदूरचा सुपर कॉरिडॉर, मग राऊ, महू आणि पुढे मानपूरचा घाट. दोन तासांच्या त्या शूटिंगने जे शिकवलं ते अख्ख्या सेमिस्टरमध्ये शिकले नव्हते.

सुरुवात जुन्या पद्धतीनेच करा, थेट न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणं पाहून स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रामवर, उडी नको. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचात चित्र कृष्णधवल करायचं, थोडं धूसर करायचं, मग कॅनीने कडा काढायच्या (जॉन कॅनीची ही पद्धत 1986 ची) आणि हफ ट्रान्सफॉर्मने त्या कडांतून सरळ रेषा शोधायच्या. हफमध्ये कडेवरचा प्रत्येक ठिपका आपल्यातून जाऊ शकणाऱ्या सगळ्या रेषांना मत देतो, आणि जिला जास्त मतं ती रेषा. पॉल हफचं पेटंट 1962 चं आहे. आज वापरतो ते रूप डुडा आणि हार्ट यांनी 1972 मध्ये मांडलं. हे एकदा स्वतः लिहून बघा, तयार फंक्शन न वापरता.

आता माझ्या व्हिडिओत काय झालं ते बघा. सिमेंटच्या रस्त्यावर दोन पट्ट्यांमधला सांधा काळ्या डांबराने भरलेला असतो, आणि तो लेनसारखाच लांबवर सरळ जातो. कॅनीला फक्त उजेडातला फरक दिसतो, त्यामुळे हफने सगळी मतं त्या सांध्याला दिली आणि खरी, थोडी पुसट झालेली पांढरी रेघ बाजूला राहिली. उपाय सापडला तो रेघेकडे नीट पाहिल्यावर. रंगाचा पट्टा म्हणजे आधी काळोख, मग उजेड, मग पुन्हा काळोख. त्याच्या दोन कडा उलट्या दिशेच्या असतात आणि त्यांच्यातलं अंतर पट्ट्याच्या रुंदीएवढंच भरतं. सांध्यात हा क्रम बरोबर उलटा. एवढी एक अट घातली आणि सांधे तर गेलेच, दुभाजकाच्या जाळीच्या बऱ्याचशा सावल्याही गेल्या.

पण चित्रात जवळचा पट्टा रुंद दिसतो आणि दूरचा बारीक, म्हणून रुंदी तपासण्याआधी रस्ता वरून पाहिल्यासारखा करून घ्यावा लागतो. रस्त्यावरचे चार बिंदू धरून हे रूपांतर होतं आणि मग रेघा समांतर दिसतात. स्पीडब्रेकर येईपर्यंत! मामाने ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जायचं आणि समांतर रेघा पुढे फाकायच्या. एक अख्खी संध्याकाळ मी कोडमध्ये चूक शोधत बसले होते. मूळ फ्रेम एकेक करून पाहिल्या तेव्हा दिसलं, की चित्रातलं क्षितिजच वर सरकतंय. तेव्हापासून मूळ चित्रात रेघा दूरवर जिथे मिळतात तो बिंदू मी प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने काढते.

मानपूरच्या घाटात एका तुकड्यावर ताजं डांबर होतं, रेघा अजून मारायच्या होत्या. दिवस मावळत आलेला. माझ्या प्रोग्रामने तिथेही कडेच्या कठड्याच्या पायथ्याला ठसठशीत हिरवी रेघ काढली. मी मामाला विचारलं, "तुला कसं कळतं रे कुठून जायचं?" तो म्हणाला, "नाही दिसलं की वेग कमी करतो. उगाच दिसल्यासारखं कशाला करायचं?"

माझं आजवरचं काम त्या वाक्याभोवतीच फिरतं. गाडी नीट लेनमध्ये असताना दिलेला लेन सुटल्याचा इशारा, किंवा स्टिअरिंगला दिलेला चुकीचा झटका, इशारा न देण्यापेक्षा वाईट. म्हणून प्रत्येक रेघेसोबत भरवशाचा आकडा ठेवा. मतं किती, पट्ट्याची रुंदी जुळते का, डावी-उजवीतलं अंतर साडेतीन मीटरच्या आसपास आहे का, मागच्या फ्रेमशी मेळ बसतो का. नाही जमलं तर रेघ काढू नका. मागची रेघ धरून ठेवायचा मोह होतो, पण हिशोब करा. ताशी 80 किलोमीटरला, सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर दर फ्रेमला गाडी सुमारे 74 सेंटीमीटर पुढे जाते. अर्धा सेकंद जुन्या रेघेवर विसंबलात की 11 मीटर आंधळे गेलात.

न्यूरल नेटवर्क यानंतर घ्या, आणि ते घ्यावंच लागेल, कारण गर्दीत रेघा झाकल्या जातात तिथे जुनी पद्धत हात टेकते. सरावाला सीयूलेन हा बीजिंगमधल्या रस्त्यांच्या चित्रांचा संच चांगला. त्याच्या चाचणीत रात्र, सावली, वळण यांसोबत 'रेघच नाही' असा वेगळा गट आहे, आणि चौकांच्या गटात तर फक्त खोट्या रेघाच मोजतात. स्वतःच्या व्हिडिओची शिकवायला किती आणि तपासायला किती ही विभागणी मात्र फ्रेमनुसार करू नका. शेजारच्या दोन फ्रेम जवळपास सारख्याच असतात, त्यामुळे एक शिकवायला आणि दुसरी तपासायला गेली की आकडे खोटेच चांगले येतात. विभागणी फेरीनुसार करा.

सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा शिका, कारण गाडीतल्या छोट्या चिपवर पायथॉन क्वचितच चालतो. आपल्याकडे इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनचाचणीचं केंद्र आहे, 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, वाहनचाचणीचं वातावरण घराजवळच आहे.

दुसऱ्या मुलाखतीला मी चांगला व्हिडिओ नेलाच नाही. 'चुका' नावाचा एक फोल्डर नेला, त्यात साठ फ्रेम आणि प्रत्येकीखाली कारण. तिसरी फ्रेम त्या सिमेंटच्या सांध्याची होती. समोरच्या दोघांनी खुर्च्या माझ्या बाजूला ओढल्या, आणि चौथ्या फ्रेमपर्यंत आम्ही पोहोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती.