शनिवारची रात्र आणि डावे पेडल

शनिवारी रस्त्यावरची ४० किलोमीटरची शर्यत आणि रविवारी शहराबाहेरच्या टेकडीवर ५ किलोमीटरच्या चार फेऱ्या, अशा जोड स्पर्धेत मी पहिल्यांदा नाव नोंदवले तेव्हा रोज चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल चालवत होतो आणि दम कमी पडणार नाही याची मला खात्री होती. दम कमी पडला नाहीच. तरीही रविवारची शर्यत मी पहिल्याच फेरीत गमावली आणि तिचे कारण आदल्या रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये घडले होते. यंदा प्रथमच अशा स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे, त्यामुळे सायकल कशी निवडावी वगैरे प्राथमिक गोष्टी येथे सांगत बसत नाही.

शनिवारबद्दल थोडक्यात. नागपूर सपाट असल्यामुळे आपल्याकडच्या रस्त्याच्या शर्यतीत चढापेक्षा वाऱ्याचाच त्रास अधिक होतो. वेग ताशी ३० वरून ३६ किलोमीटर केला, तर केवळ हवा कापण्यासाठी लागणारी ताकद जवळपास पावणेदोनपट होते. म्हणून पहिल्या दहा किलोमीटरमध्ये घोळक्याच्या पुढे राहून शौर्य दाखवू नका. कोणाच्या तरी मागे राहा आणि आपली पाळी आली की थोडा वेळ पुढे या. मात्र आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला शिरू देऊ नका. दोन चाके एकमेकांना घासली तर पुढचा बहुधा सावरतो आणि मागचा पडतो. घोळक्यात अचानक ब्रेक लावणाऱ्याला शिव्या मिळतात आणि त्या रास्तच असतात. याची धास्ती मात्र घेऊ नका, कारण चार रविवार एखाद्या गटासोबत काटोल रोडवर गेलात की हे अंगवळणी पडते. मीही शनिवारची शर्यत मधल्या घोळक्यात सुखरूप संपवली आणि त्याच आनंदात चूक केली.

माझ्याकडे सायकली दोन होत्या, पण पेडलची जोडी एकच. बुटाच्या तळव्याला दोन बोल्टचे क्लीट (पेडलमध्ये अडकून बसणारा धातूचा तुकडा) लावून जे पेडल वापरतात, ते रस्त्यावर आणि मातीत दोन्हीकडे चालते, त्यामुळे दुसऱ्या जोडीवर खर्च कशाला करायचा असा माझा हिशेब होता. शनिवारी रात्री मित्रांबरोबर सावजी जेवून घरी आलो (तेही चुकलेच, दुसऱ्या दिवशी शर्यत असेल तर वरणभात खाऊन झोपावे) आणि मोबाइलच्या उजेडात रोड बाइकचे पेडल काढून एमटीबीला, म्हणजे माउंटन बाइकला, लावायला बसलो. हाताला लागलेले पहिले पेडल डाव्या क्रँकला, म्हणजे पेडल ज्यात बसते त्या दांड्याला, लावले. आटे धरत नव्हते. मला वाटले मातीमुळे अडकत असेल, म्हणून पान्ह्याला लोखंडी पाइप लावून जोर केला आणि ते कुरकुरत दोन-अडीच आटे आत गेले. दुसरे पेडल उजव्या बाजूला तसेच अडू लागले तेव्हा कुठे मी आसाच्या टोकाकडे पाहिले. डाव्या क्रँकमध्ये घुसवलेल्या पेडलवर ‘आर’, म्हणजे ‘राइट’, कोरलेले होते.

हे नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ येथेच आहे. उजव्या पेडलचे आटे नेहमीच्या बोल्टसारखे असतात आणि डाव्या पेडलचे उलटे. पेन्सिल मुठीत सैल धरून तिचे वरचे टोक बोटाने गोल फिरवत ढकला. पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेने फिरू लागते. पेडल मारताना क्रँकमधल्या आसाचे असेच होत असते. डाव्या बाजूला साधे आटे असते, तर आपण चालवता चालवताच ते पेडल सैल होत गेले असते. लक्षात ठेवायची युक्ती सोपी आहे. पान्हा पेडलच्या आसाला लावून उभा धरा. त्याचे वरचे टोक पुढच्या चाकाकडे ढकलले की पेडल घट्ट होते आणि मागच्या चाकाकडे ओढले की सैल होते. दोन्ही बाजूंना हाच नियम लागू पडतो. आणखी महत्त्वाचे म्हणजे पेडलचे पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरले पाहिजेत. आस पोलादाचा आणि क्रँक अॅल्युमिनियमचा असतो, त्यामुळे जबरदस्ती केली तर नुकसान नेहमी क्रँकचेच होते आणि ते वरून दिसत नाही. आट्यांना थोडे ग्रीस लावा, बोटांनी फिरवा, अडले तर बाहेर काढून पुन्हा सरळ लावा आणि शेवटीच पान्हा हातात घ्या.

माझी पहिली चूक ही अज्ञानाची होती, पण दुसरी निव्वळ आळसाची. ते पेडल बाहेर काढले तेव्हा आट्यांसोबत चंदेरी कीस बाहेर आला. तो मी फुंकरीने उडवला आणि योग्य पेडल त्याच जागी लावले. ते इतके सहज आत गेले की मी सुटलो असे वाटले. वास्तविक ते सहज जात होते, कारण आत धरायला फारसे काही उरलेच नव्हते.

रविवारी पहिल्या फेरीत, मुरमाच्या चढावर सीटवरून उठून जोर लावताच डावा पाय एकदम हलका झाला. खाली पाहिले तर पेडल क्रँकमधून निघून बुटाला तसेच चिकटलेले होते. मी कडेला कोलमडलो, गुडघा खरचटला आणि उरलेले तीन किलोमीटर एका बुटाला पेडल घेऊन लंगडत चाललो, कारण थरथरत्या हातांनी ते क्लीटमधून सुटेना. सोमवारी सीताबर्डीतल्या मिस्त्रींनी क्रँक उजेडात धरला आणि विचारले, “जबरदस्ती केली ना भाऊ तुमी?” नवा डावा क्रँक घ्यावा लागला.

या मिस्त्रींकडून मी एका तासात जे शिकलो, ते आमच्या गटातल्या अनुभवी म्हणवणाऱ्यांकडून वर्षभरात शिकलो नव्हतो. गटातल्या त्या मंडळींनी मला कार्बनची चाके सुचवली होती, घड्याळ सुचवले होते, पण पेडल काढून लावता येते का हे एकानेही विचारले नव्हते. गुरू निवडायचा असेल तर ज्याची नखे ग्रीसने काळी आहेत असा निवडा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण त्या शर्यतीत स्वारामागे मदतनीसांची गाडी असते हे आमच्यासारखे हौशी लोक सोयीस्करपणे विसरतात. तुमच्या मागे कोणीही नसते.

मातीच्या शर्यतीचे म्हणाल, तर टायरमध्ये रस्त्याइतकी हवा भरू नका. माझे वजन ६८ किलो आहे आणि ट्यूब असलेल्या एमटीबीच्या टायरमध्ये मी हवेचा दाब २८ ते ३० पीएसआय ठेवतो. रोड बाइकच्या २५ मिलिमीटर टायरमध्ये मात्र ८५ च्या आसपास. पाऊस पडून गेला असेल तर आपली काळी माती चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये अशी भरते की चाक फिरेनासे होते, तेव्हा जेथे मुरूम दिसेल तेथून जा आणि नसेल तर लाज न बाळगता सायकल खांद्यावर घ्या. पडण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. उतारावर मागे सरका, दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावा आणि नजर चाकासमोरच्या दगडावर न ठेवता पुढच्या वळणावर ठेवा. दुसऱ्या फेरीपर्यंत हात सैल पडतात.

आता माझ्याकडे पेडलच्या दोन जोड्या आहेत आणि प्रत्येक डाव्या पेडलच्या आसावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. दोन्ही सायकली मी शुक्रवारी दुपारी, दिवसाच्या उजेडात तयार करतो आणि गल्लीत दहा मिनिटे चालवून पान्हा पुन्हा एकदा लावून पाहतो. शनिवारी रात्री फक्त चेन पुसतो.